हात उचलावा लागला, पुढे काय?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळामास्तराला व्याख्यानास बोलाविले म्हणजे तो शिक्षणावर, फार तर मुलांच्या वळणावर बोलणार, असे मंडळी धरून चालतात. चिटणीसांनी आम्हांला विषयाची मोकळीक दिली, आणि ती आम्ही घेतली आहे. पालक शाळेत येतात ते मुलांचे गुण विचारायला. पण उठता उठता आवाज खाली करून एखादा जो प्रश्न विचारतो, तो पुष्कळदा निराळाच असतो. त्यांतला एक गेल्या काही वर्षांत आमच्या कानांवर इतक्यांदा आला की, चारचौघांत त्यावर एकदा उघड बोलावे असे वाटले. प्रश्न असा: कोणी आपल्या अंगावर चालून आला, आपण जीव वाचविण्यासाठी हात उचलला, त्याला लागले, तर आपण होऊन पोलिसांकडे जावे, की घरी येऊन कडी लावून गप्प बसावे?

आम्ही वकील नव्हे. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकविणारे पदवीधर मास्तर आहोत. कायद्याची पुस्तके वाचतो, जेथे अडते तेथे वकीलमित्रांना विचारतो. आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. जावे, लवकर जावे, आणि एकटे जाऊ नये. असे का, हे सांगण्यासाठी आपला थोडा वेळ घेऊ.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. नाव सांगत नाही. तो आणि त्याची आई अजून याच गावात राहतात. २०१७ साली तो एका दुकानात कामाला होता. रात्री दुकान बंद करायचे आणि दिवसाचा गल्ला मालकाच्या घरी पोचवायचा, हे त्याचे काम. एका रात्री बोळात दोघांनी त्याला अडविले. एकाने सुरा काढून खांद्यावर वार केला. पोराच्या हातात शटर ओढण्याची लोखंडी सळई होती, ती त्याने फिरविली. सुरेवाल्याचा हात मोडला, दुसरा पळाला. गल्ला वाचला आणि पोरगाही वाचला. कोणीही पाठ थोपटावी अशीच ही गोष्ट.

तो घरी आला. आईने रक्ताने भरलेला सदरा त्याच रात्री धुऊन वाळत घातला. मामाने सळई विहिरीत टाकली. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ आले, त्यांनी जखमेत हळद दाबली आणि "बाबा, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," असे सांगून गेले. दुकानमालकाचे म्हणणे असे की, पैसे पोचले ना, मग दुकानाचे नाव कशाला? सर्वांनी मायेपोटीच केले हे सारे. चौथ्या दिवशी पोलीस दारात उभे राहिले. मोडक्या हाताच्या इसमाने इस्पितळात जबानी दिली होती की, जुन्या भांडणाचा राग धरून या पोराने आपल्याला लोखंडी सळईने मारले. मारामारीत हाड मोडलेला माणूस इस्पितळात आला म्हणजे डॉक्टर पोलिसांना कळवितात. त्यामुळे त्याची हकीकत आपोआप कागदावर चढली होती. आमच्या पोराची हकीकत होती ती आईला, मामाला आणि शेजाऱ्याला ठाऊक.

आता तो सांगू लागला की, सुरा होता. सुरा कुठे आहे? तो तर दुसरा इसम घेऊन पळाला. सदरा कुठे आहे? धुतला. सळई? विहिरीत. सरकारी वकिलाने पुढे न्यायालयात नेमका हाच प्रश्न केला की, निर्दोष माणूस सळई विहिरीत कशाला टाकील? खटला पाच वर्षे चालला. त्यांत २०२० सालच्या साथीत न्यायालये बंद पडली, तारखा लांबल्या. मधल्या काळात आखातात नोकरीची संधी आली होती, तीही गेली. कारण फौजदारी खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीवाचून पारपत्र मिळत नाही, आणि परवानगी येईपर्यंत नोकरी वाट पाहत नाही. अखेर २०२२ साली तो निर्दोष सुटला. कशावर सुटला? अटकेनंतर त्याची वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी खांद्यावरची सुमारे चार दिवसांची, धारदार शस्त्राची जखम नोंदविली होती. आणि बोळाच्या तोंडाशी चहाचा गाडा लावणाऱ्याने आरडाओरडा ऐकल्याचे सांगितले. पहिल्याच रात्री तो चौकीवर गेला असता, तर हीच जखम ताजी नोंदली गेली असती, सदरा आणि सळई मुद्देमालात जमा झाली असती, आणि फिर्यादी तो झाला असता.

कायद्याचा विचार केला तर त्या रात्रीही तो पोराच्याच बाजूने होता. आपल्या देशात स्वतःचे, आणि दुसऱ्या कोणाचेही, शरीर व मालमत्ता यांचे रक्षण करण्याचा हक्क १८६० च्या दंडसंहितेने दिला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ३४ ते ४४ या कलमांत तो हक्क तसाच आहे. या हक्काचा इतिहास आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. १८३७ साली मेकॉले आणि त्याचे सहकारी मसुदा तयार करीत होते, तेव्हा त्यांनी आपल्या टिपणांत असे लिहिले की, या देशातील लोक अन्याय मुकाट्याने सोसतात. म्हणून बचावाच्या हक्कावर फार बंधने घालण्यापेक्षा लोकांत थोडी हिंमत जागविणे बरे. त्यांचे आपल्याविषयीचे मत आम्हांला रुचत नाही, हे सांगतोच. पण हक्क रुंद ठेवला गेला तो असा. जीव जाण्याची, जबर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची वाजवी भीती असेल, किंवा कोणी अंगावर ॲसिड टाकू पाहत असेल, तर प्रतिकारात समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. ॲसिडचे कलम २०१३ साली जोडले गेले.

या हक्काला कुंपणही आहे, आणि ते न सांगता पुढे जाणे बरोबर होणार नाही. बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल, तर हक्क नाही. भीती संपली की शरीररक्षणाचा हक्कही संपला. पळणाऱ्या माणसाला गाठून, खाली पाडून चौघांनी तुडविले, तर त्याला कोणी बचाव म्हणणार नाही. अशा मंडळींनी आधी चौकी गाठून साळसूदपणे फिर्याद द्यावी, हे आमच्या आजच्या बोलण्यातून कोणी उचलू नये. असे करणारेही गावात आहेत. मात्र, संकटातल्या माणसाने आपला तडाखा तागडीत तोलून मारावा, अशी अपेक्षा न्यायालये करीत नाहीत. पंजाबातल्या दर्शन सिंग प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हे फार स्पष्टपणे मांडले आणि आरोपीस सोडले. पण ध्यानात घ्या, त्या प्रकरणातली घटना १९९१ ची होती.

येथे एक बारीक गोष्ट आहे. खटला उभा राहिला म्हणजे गुन्हा सिद्ध करणे सरकारचे काम असते. पण आपण बचावासाठी मारले, हे दाखविण्याचा भार आपल्यावर येतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम १०५ होते, आताच्या साक्ष अधिनियमात १०८ आहे. हा भार सरकारइतका जड नाही. १९६७ साली मुन्शी राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आरोपीने हा बचाव स्पष्ट शब्दांत घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने त्याचा विचार करावा, आणि आरोपीचे म्हणणे अधिक संभवनीय वाटले तरी पुरे. परंतु संभवनीय वाटण्यासाठी न्यायाधीशासमोर काहीतरी असावे लागते. जखमेची नोंद, रक्ताचा कपडा, वेळ घातलेली फिर्याद, जागेचा पंचनामा. या साऱ्या गोष्टी पहिल्या काही तासांतच मिळतात.

आम्ही बावीस वर्षे वर्गात न्यायनिवाडे केले आहेत. मधल्या सुटीत दोघे भांडतात, आणि एक धावत येऊन सांगतो, "सर, याने मला मारले." दुसरा मागाहून मान खाली घालून येतो. आधी येणारा खरा असतोच असे नाही; खोडी त्यानेच काढलेली असते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. तरीही मागून येणाऱ्याला पहिल्याचे म्हणणे आधी खोडावे लागते, मग आपले मांडावे लागते. मास्तराचे हे होते, तर दिवसाला दहा तक्रारी ऐकणाऱ्या फौजदाराचे काय होत असेल? उशिरा आलेल्या फिर्यादीकडे न्यायालयेही संशयाने पाहतात. मधल्या वेळात माणसे जमतात, सल्ले मिळतात, गोष्टीला रंग चढतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली थुलिया काली या खटल्यात म्हटले आहे. दुसऱ्या पक्षाची फिर्याद आधी नोंदली गेली तरी आपली उलट फिर्याद घेता येते, हेही त्याच न्यायालयाने पुढे स्पष्ट केले. तेव्हा उशीर झाला म्हणून कोणी हात टेकू नयेत. पण तिला 'उलट' हे नाव लागते ते लागतेच.

आता भीतीकडे वळू, कारण खरी अडचण तीच आहे. "मास्तर, मी जाऊन सांगितले की मी मारले, तर माझ्याच तोंडची कबुली माझ्या गळ्यात बांधतील." ही शंका आम्ही निदान वीस जणांकडून ऐकली आहे. ती खुळी नाही. पण कायद्याने तिची काळजी फार पूर्वीपासून घेतली आहे. पोलिसांजवळ दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. आजच्या साक्ष अधिनियमाचे कलम २३ तेच सांगते. त्या वेळच्या बिहारमधील अघनू नागेसिया नावाच्या माणसाने खून केल्यावर स्वतः ठाण्यात जाऊन सारी हकीकत सांगितली होती. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ती फिर्याद म्हणजे कबुलीच आहे, तिचे तुकडे करून हा तुकडा वापरा, तो वापरा असे करता येणार नाही. आणि तो सुटला. त्याचे कृत्य बचावाचे होते असे आम्ही म्हणत नाही. स्वतः चालत गेलेल्या माणसालाही कायदा ही ढाल देतो, एवढेच दाखवावयाचे आहे. शिवाय घटनेच्या २० व्या अनुच्छेदाप्रमाणे कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. अर्थात आपण सांगितलेल्या जागी एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात येऊ शकतो, हे माहीत असावे.

म्हणून प्रकरण लहान की मोठे, हे आधी पाहावे. किरकोळ झटापट झाली, दोन चपराका बसल्या, गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी बसून मिटविले, तर ते तेथेच मिटू द्यावे. ठाण्याला तेवढाच विसावा. रक्त निघाले असेल, शस्त्र निघाले असेल, घरात कोणी शिरला असेल, किंवा समोरचा माणूस पुन्हा येण्याची धमकी देऊन गेला असेल, तर जावे. जबरी चोरी, दरोडा, खून अशा काही भारी गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्यच मानलेले आहे. तेथे गप्प राहण्याला वाजवी कारण दाखवावे लागते. आणि समोरचा माणूस गंभीर पडला असेल, तर सर्वांत आधी ११२ किंवा १०८ वर दूरध्वनी करून त्याच्यासाठी गाडी मागवावी. माणुसकी म्हणून तर हे करावेच. शिवाय त्या दूरध्वनीची वेळ नोंदली जाते, आणि मारेकरी सहसा असा दूरध्वनी करीत नाही. पुढे वकिलाला विचारून, त्याला बरोबर घेऊन ठाण्यात जावे. अशा वेळी अटक होऊ शकते, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. बचाव खरा असला तरी तो खरा ठरविणे हे न्यायालयाचे काम, फौजदाराचे नव्हे. पण अटक झालीच तर कारण सांगावे लागते, घरच्यांना कळवावे लागते, वकिलाशी बोलू द्यावे लागते आणि चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. यांतले एकही मागताना संकोच करू नये. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीतील कोणीही, यांना तेथे वकील फुकट मिळतो. ज्यांचे उत्पन्न कमी त्यांनाही मिळतो.

काय सांगावे, याविषयी दोन शब्द. जेवढे घडले तेवढे सांगावे. कुठे, केव्हा, कोण पुढे आला, त्याच्या हातात काय होते, आपल्याला कुठे लागले, कोणी पाहिले. 'मी त्याला धडा शिकविला' असली शेखी नको. आमच्या तरुणांना तिची फार हौस, आणि एक वाक्य सारा बचाव बुडवू शकते. राग आला होता हे सांगण्यापेक्षा भीती वाटली होती हे सांगावे, कारण खरेही बहुधा तेच असते. पण पुरुषांना ते उच्चारताना जड जाते. स्त्रियांना जात नाही, आणि म्हणूनच त्यांच्या जबान्या अनेकदा अधिक सरळ असतात. कपडे धुऊ नयेत, हत्यार हलवू नये, जखम सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्यावा. हळद मागाहून लावता येते.

आता आपल्या बेळगावकरांची खास अडचण. आमच्या घरी दखनी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड, असे आमचे आयुष्य तीन भाषांत गेले. आपल्यातले पुष्कळ जण कन्नड बोलतात, समजतात. पण वाचता येणारे त्याहून कमी. ठाण्यात आपण मराठीत सांगतो, हवालदार ऐकून घेतो, बहुधा सहानुभूतीनेच ऐकतो, आणि कन्नडमध्ये लिहितो. मग आपण खाली सही करतो. त्या दोन भाषांच्या मधल्या जागेत काय काय पडते, ते पाच वर्षांनी उलटतपासणीत कळते. 'त्याने सुरा काढला म्हणून मी सळई फिरविली' याचे 'दोघांत मारामारी झाली' एवढेच झालेले असते. यात कोणाचा दुष्टावा असतो असे नाही. लिहिणाऱ्याला घाई असते. आम्ही येथे भाषेचा वाद काढीत नाही; त्यासाठी दुसरी व्यासपीठे आहेत. मुद्दा फक्त सहीचा आहे.

कायदा आपल्याला येथे चांगला हात देतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून झाल्यावर ती सांगणाऱ्यास वाचून दाखविली पाहिजे, मगच सही, आणि तिची एक प्रत फुकट दिली पाहिजे. वाचून दाखवा म्हणावे, न समजलेल्या वाक्याशी थांबावे, अर्थ विचारावा. त्याहून बरे म्हणजे घरून निघतानाच आपली हकीकत मराठीत स्वच्छ लिहून, खाली तारीख आणि वेळ घालून, दोन प्रती न्याव्यात. एक द्यावी, दुसरीवर पोच घ्यावी. बरोबर कन्नड वाचणारे एखादे विश्वासाचे माणूस असावे. आता घटना कोठेही घडो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्याद घेतलीच नाही, तर तीच हकीकत टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तेथेही दाद लागली नाही तर न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास तो नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी ठरवून दिले आहे. स्त्रियांना जबानीसाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. आणि अपवादाची परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत त्यांना अटक करता येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका विधवा बाईंनी रात्री घरात शिरलेल्या चोराच्या डोक्यात मुसळ घातले होते. त्यांना हे नियम ठाऊक नव्हते. पण शेजारणींना हाका मारण्याची बुद्धी झाली, आणि पहाटेपूर्वीच चार बायका आणि एक निवृत्त कारकून असा ताफा त्यांच्याबरोबर ठाण्यात हजर झाला. फिर्यादी त्या ठरल्या. मुसळ मात्र मुद्देमालात गेले, ते परत मिळायला दोन वर्षे लागली, ही त्यांची तक्रार अजून चालू आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या आईने आम्हांला एकदा विचारले, "सर, सदरा धुतला हे माझे चुकले का?" आम्ही म्हटले, "बाई, रक्ताचा कपडा आईने धुवायचा नाही, हे तुम्हांला कोणी कधी शिकविले होते?" कोणीच शिकविले नव्हते, आणि आम्हांला आज हा विषय घ्यावासा वाटला तो त्यामुळेच.

संस्थेच्या कार्यालयात दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही आणि आमचे एक वकीलमित्र बसावे, असे विश्वस्तांनी मान्य केले आहे. ज्यांना मराठीत फिर्याद लिहून हवी असेल, किंवा ठाण्यातून मिळालेला कन्नड कागद समजून घ्यावयाचा असेल, त्यांनी यावे. मूळ कागद घेऊन यावे, नक्कल नको. आणि घटना ताजी असेल, तर शनिवारची वाट पाहू नये. आमचे घर शाळेच्या मागेच आहे.